डिंभ्याचं पाणी आणि पिसांचा गळ

पुणे जिल्ह्यातल्या धरणांवर भल्या पहाटे गेलं, की पाण्यावर बसलेली माणसं दिसतात. ट्रकच्या चाकातली काळी रबरी ट्यूब, तिच्या मधल्या भोकावर दोरीनं विणलेली बैठक किंवा आडवी बांधलेली फळी, आणि तिच्यावर पाय पाण्यात सोडून बसलेला माणूस. कुणी कातकरी, कुणी ठाकर, कुणी महादेव कोळी. फळकुटाच्या तुकड्यानं किंवा नुसत्या हातांनी वल्हवत तो संध्याकाळी टाकलेलं कंडाळ जाळं उचलत पुढे सरकतो, अडकलेला मासा सोडवून पिशवीत टाकतो. या सगळ्या साधनाचा खर्च म्हणजे पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या ट्यूबची किंमत आणि चार ठिगळं.

हीच वस्तू अमेरिकेतल्या मासेमारीच्या दुकानात गेली की तिला ‘फ्लोट ट्यूब’ म्हणतात. तिला कापडी कव्हर असतं, पाठ टेकायला गादी असते, दोन्ही बाजूंना खिसे असतात आणि मांडीवर मासा मोजायची पट्टीसुद्धा असते. तिकडच्या हौशी गळकऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेमकं हेच केलं होतं: ट्रकची ट्यूब घेतली, तिला किंतानाची बैठक शिवली आणि तळ्यात उतरले. पुढे कारखाने आले, गोल ट्यूबची नालेच्या आकाराची झाली, किमती वाढल्या. मूळ कल्पना मात्र डिंभे धरणाच्या काठावर कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

हे आधी सांगण्याचं कारण असं. पुण्या-मुंबईकडच्या काही हौशी मंडळींना अलीकडे फ्लाय फिशिंगचा नाद लागला आहे. त्यातल्या बहुतेकांची खरेदी उलट्या क्रमानं होते. आधी काठी येते, तीही परदेशी आणि महागडी. मग रीळ, मग बारा खिशांचं जाकीट. मग होडीचा शोध. आणि सगळं घरात येऊन पडल्यावर, आता पाणी कुठलं, हा प्रश्न. जुन्नर-आंबेगावच्या धरणांवर हा क्रम टिकत नाही. इथे पाणी ठरवतं की होडी कुठली, आणि होडी ठरवते की काठी कुठली. दुकानातल्या यादीला त्यात फार कमी जागा आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या नेहमीच्या गळात वजन असतं ते आमिषाचं किंवा शिशाच्या गोळीचं. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावली, ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा नाहीतर मोरपिसाच्या देठाचा तरंगता खुंट बांधला, की काठी झटकल्यावर ते वजन दोरीला ओढत लांब जातं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं, केस, रेशीम गुंडाळून किड्यासारखा किंवा छोट्या मासोळीसारखा दिसणारा बाहुला केलेला असतो. त्याला वजन जवळपास नाहीच. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेलं असतं. जाड, लेप दिलेली दोरी आधी मागे हवेत उलगडायची, ती पूर्ण ताणली गेली की पुढे सोडायची, आणि तिच्या टोकाचा पारदर्शक धागा पिसाला हळूच पाण्यावर टेकवतो. दोरीच्या या वजनाला क्रमांक असतात. 1961 साली अमेरिकेत ठरलेल्या पद्धतीनुसार दोरीच्या पुढच्या 30 फुटांचं, म्हणजे सुमारे सव्वानऊ मीटरचं वजन मोजून तिला क्रमांक देतात. 5 क्रमांकाची दोरी या लांबीत सुमारे 9 ग्रॅम भरते, 8 क्रमांकाची सुमारे साडेतेरा. काठी आणि रीळ त्याच क्रमांकाला जुळणारी घ्यायची. बाकीचा कॅटलॉग या एका हिशेबाभोवती फिरतो.

यातून होडीबद्दलच्या दोन गोष्टी आपोआप ठरतात. दोरी जितकी पुढे टाकायची, जवळजवळ तितकीच जागा मागे मोकळी हवी. आणि रिळातून काढलेली पंधरा-वीस मीटर दोरी टाकण्याआधी तुमच्या पायाशी सैल पडलेली असते. होडीत तिला अडकायला जे जे काही आहे, मग ते खिळ्याचं डोकं असो, वल्ह्याचं कडं, बुटाचा बंद किंवा जेवणाचा डबा, तिथे ती अडकणारच, आणि तेही नेमकी दूरवर मासा फुटलेला दिसल्यावर. म्हणून फ्लाय फिशिंगची चांगली होडी कशी, तर जिच्यात काही नाही अशी.

आता पाण्याकडे वळू. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आहेत. जुन्नरमध्ये माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे; आंबेगावमध्ये घोड नदीवर डिंभे. डिंभे यातलं सर्वांत मोठं. उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी, माणिकडोहचा दहाच्या आसपास. डिंभ्याच्या भिंतीची उंची सुमारे 67 मीटर. हे पाणी इथे साठतं, पण त्याची वाट पाहणारी बरीच शेतं इथली नाहीत. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा अशी ती दूर पूर्वेकडे, दुसऱ्या जिल्ह्यांत पसरली आहेत. डिंभ्याचा डावा कालवा येडगावात येतो आणि तिथून पाणी पुढे निघतं. कालव्यात पाणी सोडण्याच्या आवर्तनांवरून होणारी भांडणं दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. गळ घेऊन जाणाऱ्यानं ती बातमी क्रीडा पानासारखी वाचावी, कारण आवर्तन सुटलं की गेल्या आठवड्यातला काठ या आठवड्यात काठ राहत नाही.

दिवाळीच्या सुमारास ही धरणं बहुधा काठोकाठ असतात. पाणी झाडीला टेकलेलं असतं, काठावरून मागे दोरी फेकायला जागाच नसते. मागची करवंदीची जाळी प्रत्येक वेळी आपला गळ ठेवून घेते. या दिवसांत होडीशिवाय गत्यंतर नाही. मार्च उजाडला की चित्र पालटतं. पाणी खाली सरकतं, मधे तडकलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. काठावरून मनसोक्त दोरी फेकता येते, मागे अडवायला गवताची काडीही नाही. पण आता होडी पाण्यापर्यंत न्यायची कशी? फायबरची जड होडी असेल तर चार-सहा माणसं लागतात, आणि चिखलात मांडीपर्यंत रुतत तिला खाली नेणं हा काही सुट्टीच्या सकाळचा उद्योग नव्हे. मे महिन्यात तर डिंभ्याच्या पोटातलं बरंच काही वर येतं. बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुन्या बांधांच्या रांगा, घरांची जोती. ज्या आंबेगावच्या नावानं हा तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव याच पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावात आहेत, आणि नाव तेवढं बुडालेल्या गावाचं चालतं.

त्या बुंध्यांमुळे हवेच्या होडीबद्दल बोलावंच लागतं. घडी घालून गाडीच्या डिकीत बसणारी पीव्हीसीची फुगवायची होडी पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोयीची, यात शंका नाही. एक माणूस ती खांद्यावर मारून चिखल ओलांडतो. पण पाणी कमी असताना पृष्ठभागाच्या हातभर खाली उभा असलेला वाळका खुंट दिसत नाही. घ्यायचीच तर हवेचे कप्पे किमान दोन, शक्यतो तीन, वेगवेगळे असलेली घ्यावी. एका कप्प्याची स्वस्त होडी हे स्विमिंग पूलमधलं खेळणं आहे. दुसरी गोष्ट वाऱ्याची. फुगवलेली होडी पाण्यावर बसते, पाण्यात बसत नाही. दुपारी सह्याद्रीकडून वारं उठलं की ती पालापाचोळ्यासारखी निघते. सकाळी अर्ध्या तासात गेलेलं अंतर परत यायला दुपारी दोन तास घेतं. ब्रिटनमधल्या मोठ्या जलाशयांवर या वाऱ्याचाच उपयोग करतात. होडी वाऱ्याला आडवी धरायची आणि मागे पाण्यात कापडी छत्रीसारखं एक ओढणं सोडायचं, म्हणजे ती सावकाश वाहते आणि गळकरी पुढ्यातलं पाणी विंचरत जातो. ते ओढणं इथेही कामाला येतं. शिंप्याकडून जाड ताडपत्रीच्या तुकड्याचं शिवून घेतलं तरी चालतं. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या आणि मध्ये छोटं भोक, एवढंच त्याचं शास्त्र. नांगर म्हणून दोरी बांधलेला दगड बरा. लोखंडी आकड्याचा नांगर इथे नको. तो बुंध्यात किंवा जाळ्यात अडकतो, आणि मग दोरी कापून तो डिंभ्याला अर्पण करावा लागतो.

पत्र्याची होडी उजनी धरणाकडे सर्रास दिसते. भोई मंडळी तिच्यात उभं राहून जाळं टाकतात ते पाहणाऱ्याला तिच्या स्थैर्याबद्दल गैरसमज होऊ शकतो. स्थैर्य त्या माणसाच्या पायांत असतं. पत्रा उन्हात तापतो, टाच आपटली तरी पाण्याखाली आवाज जातो, आणि पाणी आत शिरलं तर ती सरळ तळाशी जाते, कारण तिच्यात तरंगणारं काहीच नसतं. विकत किंवा भाड्यानं घ्यायची वेळ आलीच तर दोन्ही टोकांना हवाबंद डबे किंवा फोमचे ठोकळे पक्के बांधून घ्यावेत. थर्मोकोलच्या ठोकळ्यांवर प्लास्टिक गुंडाळून केलेले तराफेही इथे चालतात. ते बुडत नाहीत हे खरं, पण त्यांचे कण वर्षानुवर्षं काठाला साचत राहतात. हौसेसाठी येणाऱ्यानं निदान त्यात भर घालू नये.

राहता राहिली प्लास्टिकची कयाक. वर बसायची, तळ सपाट असलेली, दहा-बारा फुटी. माणिकडोह किंवा वडजसारख्या पाण्यावर, जिथे गाडी काठाजवळ जाते, तिथे मला ती सर्वांत पटते. खुंटाला दाद देत नाही, दोन माणसं सहज उचलतात, उलटली तरी पुन्हा सरळ करून चढता येतं. रुंदी मात्र पाहून घ्यावी. अडीच फुटांहून अरुंद कयाक वेगानं जाते, पण तिच्यात उभं राहून दोरी फेकणं जमणार नाही; बसून फेकायची तर दोरी पाण्याला मागे टेकते आणि सगळी लय बिघडते. उभं राहण्याचा मोह नसेल, तर मी पुन्हा त्या ट्यूबकडे येतो.

ट्यूबवर बसलेला माणूस पाण्याच्या इतका जवळ असतो की माशाला तो दिसतच नाही. पायात रबरी पंख घातले की हात पूर्ण मोकळे राहतात, आणि फ्लाय फिशिंगला दोन्ही हात लागतात. वल्हं ठेव, दोरी उचल, वारा आला की पुन्हा वल्हं घे, ही होडीतली कसरत ट्यूबवर उरत नाही. वारा तिला कमी ढकलतो, कारण अर्धा माणूस पाण्यात असतो. तोटे आहेत. वेग जवळजवळ शून्य, म्हणून काठापासून दूर जायचं नाही. आणि पूर्ण गोल ट्यूब उलटली तर मधल्या भोकात पाय अडकून माणूस उलटाच राहू शकतो. कारखान्यांनी पुढची बाजू उघडी ठेवली ती याच कारणानं. जुनी गोल ट्यूब वापरायची तर पाय भोकातून खाली घालू नयेत. इथल्या लोकांसारखं वरच्या विणीवर बसावं. ट्रकही आता ट्यूबलेस होत चालले आहेत, त्यामुळे चांगली मोठी ट्यूब मिळणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. परदेशी पुस्तकं ट्यूबसोबत छातीपर्यंतची रबरी विजार घालायला सांगतात. ती बर्फाळ पाण्याची गरज आहे. आपल्याकडे जुनी सुती पँट, जाड मोजे आणि अंगात घट्ट बसणारं लाइफ जॅकेट पुरे. लाइफ जॅकेटला मात्र पर्याय नाही. पोहता येणारी माणसंही धरणात बुडतात.

इथवर वस्तूंचं झालं. पण या पाण्यावर कुणाचा तरी आधीचा हक्क आहे, आणि साधनांची निवड त्यालाही विचारूनच करावी लागते.

डिंभे धरणाच्या पाण्यात जमिनी गेल्या त्या मुख्यतः महादेव कोळी शेतकऱ्यांच्या. भाताची खाचरं, नदीकाठची सुपीक जमीन खाली गेली आणि माणसं वरच्या उतारांवर सरकली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं या लोकांबरोबर दीर्घकाळ काम केलं. उतारावर दगडी बांध घालून खाचरं तयार करण्याची पडकईची जुनी पद्धत त्यांनी रोजगाराच्या योजनेत आणायला लावली. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेण्याचा हक्क मागितला. आणि ज्या जलाशयानं जमीन घेतली त्यातले मासे तरी विस्थापितांचे व्हावेत, म्हणून आदिवासी मच्छिमारांची सहकारी संस्था उभी राहिली. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीनं डिंभ्यात पिंजऱ्यांमध्ये मत्स्यबीज वाढवण्याचे प्रयोगही झाले. 2012 साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

याचा गळकऱ्याशी संबंध असा, की जलाशयातले कटला, रोहू, मृगळ हे आपोआप आलेले नाहीत. त्यांचं बोटुकलं कुणीतरी सोडलेलं आहे, ठेक्याची रक्कम कुणीतरी भरलेली आहे. त्यामुळे काठावर गेल्यावर पहिला प्रश्न मासा कुठे लागतो हा नसावा. ‘दादा, जाळी कुठवर लावलीत? आम्ही कुठून गेलो तर चालेल?’ हा असावा. मासेमारी संस्थेची परवानगी घ्यावी, पैसे मागितले तर द्यावेत. उत्तर मिळतं, शिवाय बुंधे कुठे आहेत आणि वारं किती वाजता सुटतं हेही कळतं. होडीसुद्धा बहुधा तिथेच मिळते, वल्हवणाऱ्या माणसासकट, आणि नवशिक्यासाठी कुठल्याही खरेदीपेक्षा हे अधिक शहाणपणाचं आहे. आणखी एक हद्द लक्षात ठेवायची. आंबेगावचा पश्चिम भाग भीमाशंकर अभयारण्याला लागतो; 1985 साली ते घोषित झालं. अभयारण्यातल्या ओढ्यात गळ टाकणं ही कायद्याच्या नजरेत शिकारच. कर्नाटकात कावेरी अभयारण्यातल्या भीमेश्वरीसारख्या नावाजलेल्या गळ-छावण्या याच मुद्द्यावर बंद झाल्या.

मग काठी कुठली? ते माशावर ठरतं, आणि इथे हौशी लोकांची दुसरी गल्लत होते. पुस्तकात वाचलेला महसीर डोक्यात असतो, म्हणून 9 किंवा 10 क्रमांकाची दणकट काठी घेतली जाते, आणि तिच्यावर तळहाताएवढी चिलापी लागते. कटला पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून खातो, पिसाकडे तो क्वचितच पाहतो. रोहू बहुधा मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. पिसाला खऱ्या अर्थानं येतात ते चिलापी, कडेच्या गवतात दबा धरून बसलेला मरळ, कधी उथळ चिखलात तोंड खुपसणारा सायप्रिनस आणि पृष्ठभागावर उड्या मारणारे चंदेरी बारीक मासे. यांच्यासाठी 5 किंवा 6 क्रमांकाची नऊ फुटी काठी आणि तरंगती दोरी पुरेशी. मरळाच्या मागे लागायचं असेल तर 8 क्रमांक घ्यावा, कारण तो लागल्या लागल्या गवतात घुसतो आणि त्याला तिथून उपसून काढावं लागतं. त्याच्यासाठी फोमचा किंवा हरणाच्या केसांसारख्या तरंगत्या केसांचा बेडूक बरा, गवतात अडकू नये म्हणून टोकापुढे तारेची आड लावलेला. आणि त्याच्या दातांसाठी शेवटचा वीतभर धागा जाड. रीळ साधं चालेल. नावाजलेल्या कंपनीची काठी लाखाच्या घरात जाते, काही हजारांत मिळणारी साधी काठी या माशांना तितकीच चालते. पैसे वाचवायचेच असतील तर काठीत वाचवावेत, दोरीत नव्हे. स्वस्त दोरी आपल्या उन्हात चिकट होते, आणि चिकट दोरी कुठल्याही काठीतून सरकत नाही.

महसीरबद्दल इतकंच लिहून पुढे जाणं मात्र अन्यायाचं होईल, कारण दख्खनी महसीर हा या जिल्ह्याचाच मासा आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी कंपनी सरकारच्या काळात दख्खनची पाहणी करताना इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. मुळा-मुठेतला ‘खुद्री’ त्यात होता. ‘टॉर खुद्री’ या त्याच्या आजच्या शास्त्रीय नावातही तो ‘खुद्री’ टिकून आहे. पुढे धरणं झाली, नद्या तुटल्या, मासा कमी झाला. सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या धरणांवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महसीरचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं, आणि तिथलं बीज देशभर गेलं. या यशाची एक दुखरी बाजूही आहे. लोणावळ्याचा खुद्री कावेरीत सोडला गेला, तिथे तो फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला, नारिंगी परांचा महसीर मागे पडत गेला. 2018 साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत कावेरीचा तो मासा अतिसंकटग्रस्त ठरला, आणि त्याच सुमारास आपल्या खुद्रीची चिंता कमी झाल्याची नोंद झाली. मासे ‘परत सोडणं’ हे नेहमीच पुण्यकर्म असतं, असं समजणाऱ्या हौशी मंडळींनी हे प्रकरण मुळातून वाचावं.

महसीर पिसाच्या गळाला येतो हे इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली आलं आणि हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या पेटीत ते असे. आपल्याकडे महसीरला पुष्कळ ठिकाणी देवाचा मासा मानतात. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत वरदायिनीच्या भक्तांनी टाकलेले चुरमुरे खात मोठाले मासे निर्धास्त फिरतात, त्यांना कुणी हात लावत नाही. जुन्नर-आंबेगावात चुकून महसीर लागलाच, तर त्याला पाण्याबाहेर न काढता सोडावं, आणि त्यासाठी गळाच्या टोकामागचा उलटा दात आधीच पक्कडीनं दाबून सपाट केलेला असावा. मोठा मासा उन्हाळ्यात फार दमवू नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सुटून गेलेला मासा तासाभरानं मरतो.

डिंभ्याच्या जलाशयाचं सरकारी नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्या ट्रकखालीच गेला. त्याच्या नावाच्या पाण्यावर अमेरिकन काठी, इंग्लिश रीळ आणि कोरियन होडी घेऊन उतरताना माणसाला किंचित संकोच वाटावा. पण या परदेशी खेळातला माल एकेकाळी आपल्याकडूनच जात होता. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिपा जोडून काठ्या करायला सुरुवात झाली तेव्हा विलायतेत आणि अमेरिकेत त्यासाठी ‘कलकत्ता’ बांबू वापरत. चीनचा टोंकिन बांबू नंतर आला. आणि पिसांचं तर विचारूच नका. सामन माशाच्या नटव्या गळांवर दोन्ही बाजूंना जो पिवळसर पांढरा, लाखेसारखा चमकणारा ठिपका असतो, तो राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसाचा. हा पक्षी फक्त भारतात, त्यातही दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जंगलांत. भीमाशंकरच्या रानात पहाटे तो ओरडतो. या पिसांसाठी इतके कोंबडे मारले गेले, की साठच्या दशकाच्या अखेरीस भारतानं निर्यात बंद केली, आणि पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला. तिकडचे गळ बांधणारे अजून त्या पिसासाठी हळहळतात. रानकोंबड्याचं पीस जंगलात सापडलं तरी उचलून आणू नये. ते कुठून आलं हे कायद्यापुढे सिद्ध करता येत नाही.

गळ बांधायला इथे त्याची गरजही नाही. आठवडे बाजारात गावठी कोंबडी सोलणाऱ्याकडे तांबूस, काळ्या, चितकबऱ्या मानेची पिसं कचऱ्यात जातात. गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस लांब, निमुळतं, कडक दांड्याचं असतं, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या गळाला तेच लागतं. भारतीय कोंबड्यांच्या माना वर्षानुवर्षं विलायतेत आणि अमेरिकेत याच कामासाठी विकल्या गेल्या आहेत. ब्रॉयलर कोंबडीचं पांढरं पीस मऊ असतं. ते भिजून बसतं, पण छोट्या मासोळीची नक्कल करायला चांगलं. रेशमाचा दोरा, शिंप्याकडची जर, बकऱ्याच्या शेपटीचे केस, चपलेतल्या फोमचा तुकडा. चिलापीसाठी 8 ते 12 क्रमांकाच्या गळांवर यातलं काहीही चालतं. हे सगळं घरी बसून बांधायचं काम पावसाळ्यात करावं. तो माशांच्या विणीचाही काळ आहे, तेव्हा गळ पेटीतच बरे.

शेवटी एक वस्तू जी यादीत हमखास राहून जाते. ट्यूबवर असाल, पायात पंख असतील, तर पृष्ठभागाच्या हातभर खाली लावलेलं नायलॉनचं कंडाळ तुमच्या पायात कधी गुंतलं हे कळतही नाही. त्याची खूण म्हणजे पाण्यावर रांगेत डुलणाऱ्या रिकाम्या बाटल्या, आणि लाटा असल्या की त्या दिसत नाहीत. पाय झाडले तर गुंता वाढतो. अशा वेळी छातीवर, एका हातानं काढता येईल असा, बोथट टोकाचा धारदार चाकू हवा. खाली गुडघ्यापाशी बांधलेला नव्हे. जाळं कापावं लागलं तर कापावंच. मग ज्या बाटलीला ते बांधलं आहे ती ओळखून ठेवावी, काठावर येऊन ज्याचं जाळं त्याला शोधावं आणि त्याच्या एका रात्रीच्या माशांसकट भरपाई तिथेच रोख द्यावी.